बासिलिओ साळिंदर हरत नाही

एका जंगलात, मुलांनो, सगळं होतं. फक्त ग्रँडमास्टर नव्हता.

हे जंगल आपल्याकडचं नव्हे. स्पेन नावाच्या दूरच्या देशातलं. ज्या ओकच्या सालीची बाटल्यांना बुचं करतात, ती झाडं तिथं दाट होती. उतारावर ऑलिव्हच्या रांगा होत्या. डोंगराच्या पायथ्याशी एक पाणवठा होता आणि तो भर उन्हाळ्यातही आटत नसे. पण ज्याच्या दारात पाणी असतं, त्याला पाण्याचं काही वाटत नाही. जंगलाचं दुःख वेगळंच होतं.

डोंगरापलीकडच्या जंगलात तीन ग्रँडमास्टर होते.

"तीन?" राजा तोरिबिओ महाराजांनी विचारलं. हे महाराज वळू होते. त्यामुळे दरबारात लाल गालिचा अंथरायची सोय नव्हती. हिरवा अंथरत आणि महाराज तो अधूनमधून खात. "आणि आपले किती?"

"आपला एकही नाही, महाराज," प्रधान गाढव म्हणालं. "पण बुद्धिबळातल्या एका सुरुवातीला साऱ्या जगात आपल्या देशाचं नाव आहे."

"म्हणजे सुरुवात आपली आणि शेवट त्यांचा?"

गाढवानं मान खाली घातली. गाढवाची मान एरवीही खालीच असते, म्हणून महाराजांना फरक कळला नाही.

त्याच दिवशी फर्मान निघालं. जंगलाला ग्रँडमास्टर पाहिजे. कसाही चालेल, पण लवकर पाहिजे.

आता त्याच जंगलात, पाणवठ्याजवळच्या बिळात, बासिलिओ नावाचा एक साळिंदर आपल्या आईजवळ राहायचा. आई त्याला बासू म्हणायची. ती दिवसभर मुळं उकरायची आणि बासू एका तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर पट आखून खेळत बसायचा. स्वभावानं फार लाजाळू. कुणी हाक मारली की आधी बिळात शिरायचा आणि मग आतून "ओ" द्यायचा.

पण एक गोष्ट त्याला लपवता येत नसे. पटावर एखादी सुंदर चाल दिसली की त्याच्या पाठीवरचे काटे आपोआप उभे राहायचे आणि एकमेकांवर आपटून खळखळ वाजायचे.

"सुचलं वाटतं काहीतरी," आई मुळं उकरता उकरता म्हणायची. तिला बुद्धिबळातलं काही कळत नव्हतं. काट्यांतलं कळायचं.

जंगलाचा विजेता तेव्हा एक रानडुक्कर होता. तो हरायला लागला की पट पायाखाली घ्यायचा. म्हणून तो वर्षानुवर्षं विजेता होता. फर्मान निघाल्यावर त्यानं सगळ्यांना आव्हान दिलं. कुणी पुढे येईना. शेवटी आईनं बासूला बिळातून बाहेर ढकललं.

डाव रंगला. रानडुकराचा राजा कोपऱ्यात जाऊन बसला होता. भोवती त्याचीच प्यादी, त्याचाच हत्ती. सगळा बंदोबस्त अगदी चोख. बासूनं त्या बंदोबस्ताकडे पाहिलं आणि त्याचे काटे खळखळ वाजले. त्यानं वजिराला हात लावला.

"हात लावलास हं!" रानडुक्कर ओरडला. "आता तोच चालवावा लागेल. मागाहून रडायचं नाही."

बुद्धिबळात असा नियमच आहे, मुलांनो. ज्या मोहऱ्याला हात लावाल तो चालवायचा. एखादा मोहरा घरात वाकडा बसला असेल आणि नुसता सरळ करायचा असेल, तर हात लावण्याच्या आधी मोठ्यानं म्हणायचं, "नीट करतो." आधी म्हटलं तर माफ. नंतर म्हटलं तर नाही. एवढा नियम ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

"तोच चालवणार आहे, काका," बासू म्हणाला. आणि त्यानं आपला वजीर उचलून थेट काळ्या राजाच्या कुशीत नेऊन ठेवला.

"अरे, वजीर देतोस?" रानडुक्कर खो खो हसला. "घरी सांगून आलायस ना, पोरा?"

वजिराच्या मागे घोड्याचा जोर होता, म्हणून राजाला तो मारता येईना. हत्तीनं मारला. हत्ती त्या घरात आला आणि राजाला हलायला जागाच उरली नाही. चारही बाजूंनी आपलीच माणसं. मग बासूच्या घोड्यानं एक उडी मारली. शह. आणि मात. राजा आपल्याच बंदोबस्तात गुदमरून मेला.

हे सगळं इतकं झटकन झालं, की रानडुकराला पट तुडवायलाही वेळ मिळाला नाही.

माकडं असती तर नाचली असती. त्या जंगलात माकडं नव्हती, म्हणून ससे नाचले. आई बघ्यांच्या मागे उभी होती. कोण जिंकलं हे तिनं कुणाला विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी एक करकोचा बिळापाशी आला. हे करकोचा गुरुजी. पूर्वी ते स्वतः खेळत. आता ते शिकवत. त्यांच्या डोक्यावर कधी एकही पीस विस्कटलेलं नसे.

"कालचा डाव पाहिला," गुरुजी म्हणाले. "जिंकलास. ठीक आहे. पण हरला असतास तर?"

"हरलो नसतो, गुरुजी."

"पण असतास तर?"

बासू अर्धा बिळात सरकला.

"हा तुझा पहिला धडा झाला," गुरुजी म्हणाले. "आता सांग, मी एका पायावर का उभा असतो?"

"का?"

"दुसरा चुकीचा पडू नये म्हणून."

बासूला हे फार खोल वाटलं. लहान वयात न कळलेलं सगळंच खोल वाटतं.

गुरुजींनी त्याला दरबारच्या खर्चानं आपल्या घरट्याखाली ठेवून घेतलं. आधी काट्यांचा बंदोबस्त केला. रोज सकाळी ऑलिव्हचं तेल लावून ते चापूनचोपून बसवायचे. "वाजणारे काटे म्हणजे समोरच्याला दिलेली बातमी," गुरुजी म्हणत. मग सुरुवात शिकवली. आपल्या देशाच्या नावाची. पांढरा उंट तिरका जातो आणि काळ्या घोड्यावर डोळे वटारतो. पुढच्या चाली साऱ्या जगाला पाठ असतात.

"आणि पाठ केलेल्या चाली संपल्या की?" बासूनं विचारलं.

"संपल्या की उजवा हात पुढे करायचा. हसायचं. 'बरोबरी?' म्हणायचं."

"पण गुरुजी, डाव तर तिथंच सुरू होतो!"

"आणि तिथंच माणसं हरतात."

मुलांनो, गुरुजींना माणसांची काय माहिती, असं विचारू नका. गुरुजी दर थंडीत आफ्रिकेला जात. वाटेत बरंच दिसतं.

मग बासूची कारकीर्द सुरू झाली. आता त्याला कुणी बासू म्हणेना. बासिलिओ म्हणू लागले. तो या जंगलातून त्या जंगलात स्पर्धांना जाई. पटासमोर बसे. उंट काढी. पाठ चाली खेळे. हात पुढे करी. समोरचाही बहुधा अशाच कुणा गुरुजींचा चेला असे. तोही हात वाटच बघत असल्यासारखा धरी. दोघं एकमेकांना "छान झाला डाव" म्हणत आणि जेवायला जात. त्या देशात दुपारच्या झोपेला फार मान आहे. बुद्धिबळामुळे तिच्यात कधी व्यत्यय आला नाही.

पहिल्यापहिल्यांदा बासिलिओला चुटपुट लागे. उठताना तो पटाकडे वळून बघे. इथून घोडा पुढे गेला असता. तिथं वजीर शिरला असता. एखादा काटा तेलातून सुटून टक् करून वाजे. मग गुरुजी खोकत आणि तो चालू लागे.

पुढेपुढे तो वळून बघेनासा झाला.

सुतारपक्षी तिथला वार्ताहर होता. तो प्रत्येक स्पर्धेनंतर ओकच्या खोडावर बातमी कोरायचा: "बासिलिओ पुन्हा अपराजित!" जंगल ती वाचून फुलून यायचं. डाव कुणीच बघत नव्हतं, कारण बघण्यासारखं काही नसायचं. पण "हरला नाही" हे कुणालाही समजतं. त्याला बुद्धिबळ यावं लागत नाही.

ससे टाळ्या वाजवून म्हणायचे,

"हरत नाही, हरत नाही,
बासिलिओ हरत नाही!"

एकदा तो घरी आला तेव्हा आईनं विचारलं, "जिंकलास का रे?"

"हरलो नाही."

"मी काय विचारलं?"

"आई, तुला त्यातलं कळत नाही," बासिलिओ म्हणाला आणि पाणी पिऊन निघून गेला.

असं न हरता न हरता त्याचं गुणांकन वाढत गेलं. शेवटी गिधाडांच्या पंचमंडळानं त्याला ग्रँडमास्टर जाहीर केलं. हे पंचमंडळ साऱ्या जंगलांच्या स्पर्धा घ्यायचं, नियम करायचं आणि ते नियम कुठे लागू नाहीत हेही तेच ठरवायचं. गिधाडं स्वतः कधी खेळत नसत. कुणाचा तरी डाव संपेपर्यंत शांतपणे बसून राहायचं, हा त्यांचा मूळचाच धंदा.

जंगलात काय आनंद झाला, विचारू नका. महाराजांनी हिरवा गालिचा अंथरला. प्रधान गाढवानं भाषण केलं. त्यात ते म्हणालं, की बुद्धिबळ हा खेळ मुळात आपल्याच जंगलात जन्माला आला असावा. लोकांनी स्वाक्षऱ्या मागितल्या. साळिंदराची स्वाक्षरी म्हणजे त्याचा काटा. बासिलिओ लाजत लाजत एकेक काटा उपटून देऊ लागला. ज्यानं त्यानं तो आपल्या बिळात दर्शनी भागात लावला. काही वर्षांत ग्रँडमास्टरच्या पाठीवर मोजकेच काटे उरले. त्यांनाही तेल लावलेलं असे.

आणि मग एका वर्षी पाऊस आलाच नाही.

डोंगरापलीकडची नदी सुकली. तिकडची जनावरं डोंगर ओलांडून पाणवठ्यावर येऊ लागली. "हा पाणवठा डोंगराचा आहे, आणि डोंगर अर्धा आमचा आहे," ती म्हणाली. शिंगं उगारली गेली, दात दाखवले गेले. रक्त सांडणार, इतक्यात वरून गिधाडं उतरली.

"छे छे! सुसंस्कृत जंगलांना हे शोभतं का?" त्यांचा प्रमुख म्हणाला. त्याला सगळे पंचराव म्हणत. "दोघांकडे ग्रँडमास्टर आहेत. एक डाव होऊन जाऊ दे. जो जिंकेल त्याचा पाणवठा."

"आणि बरोबरी झाली तर?" प्रधान गाढवानं विचारलं. मुलांनो, त्या साऱ्या दरबारात हा एकच प्रश्न शहाणपणाचा निघाला आणि तो गाढवानं विचारला.

"तर," पंचराव मान आत ओढत म्हणाले, "वाद मिटेपर्यंत पाणवठा पंचमंडळाच्या देखरेखीखाली राहील. अगदी तात्पुरता."

महाराज तोरिबिओ हसले. "अहो, घाबरायचं काय त्यात? आपला बासिलिओ कधी हरला आहे का?"

"नाही!" सगळं जंगल गरजलं.

"मग खूर उमटवा," पंचराव म्हणाले.

आणि महाराजांनी करारावर खूर उमटवला. न हरणं म्हणजे जिंकणं नव्हे, हे एका तरी सशाच्या ध्यानात यायला हवं होतं. पण ससे तेव्हा टाळ्या वाजवत होते.

पलीकडच्या जंगलानं नुनियाबाईंना पाठवलं. ही एक वयस्क पाणमांजर होती. तिच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. ती प्रत्येक डाव जिंकायला खेळायची, म्हणून खूपदा हरायची. तिला कुणी फारसं मोजत नसे. बाकीच्या दोघा ग्रँडमास्टरांनी पोटदुखीचं कारण सांगितलं होतं.

पाणवठ्याच्या काठी पट मांडला. दोन्ही जंगलं भोवती जमली. सगळ्यांच्या जिभा कोरड्या होत्या, कारण डाव संपेपर्यंत कुणी पाणी प्यायचं नाही असा करार होता. गिधाडं फांद्यांवर बसली. आई पुढेच बसली होती. तिच्या बिळाभोवतीची मुळं केव्हाच सुकली होती. पाण्याकाठची ओली माती तेवढी तिला उकरता येत होती.

"बस रे नीट," ती म्हणाली.

बासिलिओनं उंट काढला. पाठ चाली खेळल्या. चाली संपल्या. त्यानं हसून उजवा हात पुढे केला.

"बरोबरी?"

नुनियाबाईंनी त्या हाताकडे पाहिलं. "अहो, पाणी प्यायला आलेय मी. हात काय देताय? खेळा."

बासिलिओचा हात पटावर तसाच राहिला. असं कधी झालं नव्हतं. त्यानं गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी दुसरा पायही वर घेण्याचा प्रयत्न केला.

मग खेळावंच लागलं. आणि गंमत बघा मुलांनो, बासिलिओला खेळता येत होतं. इतकी वर्षं तेलाखाली दबलेलं होतं, पण मेलं नव्हतं. नुनियाबाई धडाधड पुढे आल्या. त्यानं वाट करून दिली आणि मागून घोडे काढले. बाईंचा राजा कोपऱ्यात गेला. भोवती त्याचीच प्यादी, त्याचाच हत्ती. बासिलिओच्या घोड्यानं आत उडी मारली.

आणि त्याला दिसलं.

तेच घर. तोच हत्ती. तीच राजाच्या कुशीतली जागा. वजीर तिथं ठेवायचा. हत्ती मारणार. घोडा उडी घेणार. संपलं.

पाठीवर उरलेले मोजके काटे उभे राहिले. खळ् खळ् खळ्.

आईनं मान वर केली. "आला माझा बासू," ती हळूच म्हणाली.

नुनियाबाईंनाही दिसलं होतं. त्यांनी पटाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं आणि खुर्चीत मागे टेकल्या. त्यांना ती वेळ ओळखीची होती.

बासिलिओचा हात पुढे गेला. बोटं वजिरावर टेकली.

आणि तिथं थांबली.

माझी काही चूक तर होत नाही ना, असं त्याच्या मनात आलं. त्यानं पुन्हा हिशेब केला. चूक सापडली नाही. पुन्हा केला. पुन्हा सापडली नाही. तेव्हा तो खरा घाबरला. जी चूक इतकी शोधूनही सापडत नाही, ती केवढी मोठी असणार! वजीर गेला आणि मात झाली नाही तर? सुतारपक्षी खोडावर चोच रोखून बसला होता. हजार डोळे होते. आजवर तो हरला नव्हता. उद्या खोडावर काय कोरतील?

"नीट करतो," तो पुटपुटला.

आणि वजिराला घरातल्या घरात सरळ करून त्यानं हात काढून घेतला.

"अहो," नुनियाबाई म्हणाल्या. "हात आधी लावलात. म्हणालात नंतर. वजीर चालवावा लागेल तुम्हाला."

लक्षात आलं का मुलांनो? वजीर चालला तर बाईंचा राजा मरणार होता. तरी नियम त्याच सांगत होत्या.

"पंचराव, तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या.

पंचरावांनी पाण्याकडे पाहिलं. त्यात त्यांचं प्रतिबिंब फार छान पडलं होतं. "मी नीट ऐकलं," ते म्हणाले. "ते आधीच म्हणाले. काय हो ग्रँडमास्टर? आधीच ना?"

सगळं जंगल बासिलिओकडे बघत होतं. एक शब्द खरा बोलायचा होता. 'नंतर' एवढाच. मग वजीर चालवावाच लागला असता, आणि जायला चांगलं घर त्याला एकच होतं. नियमानंच त्याला जिंकवलं असतं.

"आधीच म्हणालो," बासिलिओ म्हणाला. काटे खाली बसले.

"असं होय!" नुनियाबाई म्हणाल्या. "मग आता हात नका पुढे करू. मी धरणार नाही. जिंका तरी, नाहीतर हरा."

पण त्यालाही तोड होती. गुरुजींनी शिकवून ठेवली होती. बासिलिओनं घोडा उचलला आणि शह दिला. राजा एक घर सरकला. घोडा परत आला. शह. राजा परत कोपऱ्यात. घोडा पुन्हा पुढे. शह. राजा पुन्हा सरकला. घोडा पुन्हा मागे. पाळण्यासारखं चाललं. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली की नियमानं डाव बरोबरीत सुटतो, समोरच्याची इच्छा असो वा नसो.

"बरोबरी!" पंचराव ओरडले. पंख पसरून सगळी गिधाडं पाणवठ्यावर उतरली. तात्पुरती.

नुनियाबाई उठल्या. त्यांनी पट आवरला. "मी हरायला बसले होते हो," त्या म्हणाल्या. "तुमचं पाणी, तुम्ही प्याला असता. आम्ही दुसरीकडे शोधलं असतं. तुम्ही मला हरूसुद्धा दिलं नाहीत."

आणि त्या आपल्या लोकांना घेऊन डोंगर चढू लागल्या.

खोडावर बातमी आली: "बासिलिओ अपराजितच!" ससे टाळ्या वाजवायला गेले. पण तोंड इतकं कोरडं पडलं होतं, की पुढचं गाणं काही फुटलं नाही.

त्या दिवसापासून पाण्याला रांग लागली. गिधाडं दगडावर बसून कुणाला किती ते ठरवू लागली. म्हाताऱ्यांना कमी, कारण म्हाताऱ्यांची त्यांना वेगळी आशा होती. जनावरं महाराजांकडे गेली.

"महाराज, पाण्याचं काय?"

"होईल, होईल. पण आधी अभिमानाची गोष्ट ऐका," महाराज म्हणाले. "पंचमंडळ आपल्या ग्रँडमास्टरचा पुतळा उभारतंय. पाणवठ्यावरच!"

पुतळा झाला. बुचाच्या सालीचा. एका पायावर उभं राहून करकोचा गुरुजींनी त्याचं अनावरण केलं. पुतळ्याचा हात वजिरावर टेकलेला आहे. लांबून बघणाऱ्याला वाटतं, की वजीर आता चालणार.

बासिलिओला पाण्याच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. तो पंचमंडळाचा सन्माननीय पाहुणा. हवं तेव्हा जातो, हवं तेवढं पितो. आईसाठी मागितलं तेव्हा पंचराव म्हणाले, "नियमात बसत नाही हो." बासिलिओनं आग्रह धरला नाही. आग्रह धरला असता तर नकार ऐकावा लागला असता, आणि तीही एक हारच की.

एका दुपारी तो घरी आला. आई बिळाच्या तोंडाशी बसली होती. तिचे ओठ फुटले होते. समोर तो जुना बुंधा होता. पटाच्या रेघा अजून पुसल्या नव्हत्या.

"बासू, मला एक दाखव," ती म्हणाली. "त्या दिवशी तुझा हात कुठे निघाला होता?"

"जाऊ दे ना आई."

"दाखव तर. मला काही कळणार नाहीच आहे."

त्यानं ओकची फळं मांडली. हा राजा. ही प्यादी. हा हत्ती. मग वजीर उचलला आणि राजाच्या कुशीत ठेवला.

"हा मरतो?" आईनं विचारलं.

"मरतो. हत्ती मारतो त्याला. बघ, हत्ती इथं आला. आता माझा घोडा..." त्यानं फळ उचललं आणि ठेवलं. "मात."

त्याच्या पाठीवर शेवटचा एक काटा उरला होता. तो टक् करून वाजला.

आईनं पटाकडे बघितलं. मग पाणवठ्याकडे, तिथल्या रांगेकडे, पुतळ्याकडे.

"एवढंच होतं?"

"एवढंच."

"मग त्या दिवशी का नाही केलंस?"

बासिलिओनं फळं गोळा केली. पट रिकामा केला.

"त्या दिवशी सगळे बघत होते ना," तो म्हणाला.

तात्पर्य : मुलांनो, हरण्याला आयुष्यभर घाबरून राहावं. न हरणाऱ्याचा पुतळा होतो आणि त्याला पाणीही मिळतं. तहान लागते ती त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांना. पण ते बिचारे कधी ग्रँडमास्टर नव्हतेच.